राणीछाप रुपया, दुष्काळाचा फोटो आणि आमचे चार पुतळे : आठवीला साम्राज्यवाद शिकवताना



आठवीच्या इतिहासाचं पहिलंच प्रकरण 'इतिहासाची साधने' हे आहे. त्यात छायाचित्रं, नाणी, पुतळे येतात. त्याच्या पुढच्या प्रकरणात युरोपातील घडामोडी, वसाहती आणि साम्राज्यवाद येतो. आपण ही दोन प्रकरणं स्वतंत्र शिकवतो आणि दोन्हीचे प्रश्न-उत्तरं लिहून देतो. मीही सहा-सात वर्षं तेच केलं. गेल्या दोन वर्षांपासून मी ती एकत्र शिकवते आहे, म्हणजे साम्राज्यवाद चित्रांवरूनच शिकवते. त्यात एक चूकही केली. तिच्यासकट सगळं लिहिते आहे, कारण नुसतं 'उपक्रम यशस्वी झाला' असं लिहिलेलं वाचून मला तरी कधी काही उपयोग झालेला नाही.

पहिल्या वर्षी मी काय केलं, तर जगभरातल्या वसाहतींची पंधरा-वीस चित्रं गोळा केली आणि प्रोजेक्टरवर एकामागून एक दाखवली. भारत, आफ्रिका, चीन, सगळं. मुलांनी पाहिली. दहाव्या चित्राला मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. मग मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाचा फोटो आला. हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीत बसलेली. एक मुलगा हसला. शेजारचा म्हणाला, "नाटक करलालेत का मॅडम?" मी रागावले, प्रोजेक्टर बंद केला, आणि तास तिथेच संपला.

घरी आल्यावर मला जाणवलं की त्या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. ती माणसं नाटक करत नव्हती, पण फोटो खरंच मांडून काढलेला होता. कोणीतरी त्यांना तसं बसवलं होतं. कोणी बसवलं, का बसवलं, हे मी मुलांना सांगितलंच नव्हतं. मी फक्त 'बघा' म्हटलं होतं. असं चित्र नुसतं बघायला दिलं की मूल आपोआप कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभं राहतं, साहेबाच्या शेजारी. तिथून समोरचा माणूस विचित्रच दिसतो.

म्हणून दुसऱ्या वर्षी सुरुवात प्रोजेक्टरने केली नाही, देवघरापासून केली.

राणीछाप रुपया

आपल्याकडे बऱ्याच घरांत लक्ष्मीपूजनाला जुना चांदीचा रुपया ठेवतात. कोणी त्याला राणीछाप म्हणतं, कोणी बंदा रुपया. मुलांना सांगितलं, घरी असेल तर आजी-आजोबांना विचारून एक दिवस आणा. बेचाळीस मुलांत सात नाणी आली. तीन घरांतून 'फोटो काढून पाठवतो, नाणं देणार नाही' असा निरोप आला, तोही रास्तच होता.

सात नाण्यांत दोन प्रकार निघाले. एकावर राणीच्या नावापुढे 'क्वीन' लिहिलेलं आणि साल १८६२. दुसऱ्यावर 'एम्प्रेस'. मुलांनी हा फरक स्वतः शोधला, मी फक्त भिंगं दिली. राणीची सम्राज्ञी कधी झाली? १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला मोठा दरबार भरवून व्हिक्टोरियाला 'कैसर-ए-हिंद' जाहीर करण्यात आलं. ती स्वतः आली नव्हती. हिंदुस्थानात ती आयुष्यात कधीच आली नाही. एका मुलीने विचारलं, "मग लोकांना ती कशी दिसते ते कसं कळलं?" उत्तर तिच्या तळहातावरच होतं. सोलापूरच्या बाजारात ज्वारीचं पोतं विकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत राणीचा चेहरा नेणारं चित्र म्हणजे हा रुपया. वजन बरोबर एक तोळा, त्यामुळे लोकांनी तराजूतही तो वापरला.

याच ओघात मी त्यांना १९११ च्या रुपयाची गोष्ट सांगते, ती मुलांना फार आवडते. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर एक हत्ती कोरला होता. पण सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघांतही कुजबुज झाली, नाणी परत घ्यावी लागली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरून नवी काढली. लिहिता-वाचता न येणारी माणसंसुद्धा राजाचं चित्र किती बारकाईने वाचत होती, हे यातून मुलांना कळतं. आपण चित्र 'वाचायला' शिकवतो म्हणजे काही नवीन करत नाही.

एकाच वर्षातली दोन चित्रं

आता नाण्यावरून दुष्काळाकडे जाता येतं, कारण साल तेच आहे. दिल्लीत दरबार भरला तेव्हा दख्खन आणि मद्रासकडे मोठा दुष्काळ सुरू होता. १८७६ चा पाऊस गेला होता. मुंबई इलाख्यात सोलापूर, कलादगी, अहमदनगर, पुणे, सातारा हे जिल्हे होरपळत होते. पुढच्या दोन वर्षांत दक्षिण हिंदुस्थानात किती माणसं मेली याचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातात. त्या काळातही हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू राहिली.

फळ्यावर मी दोन चित्रं शेजारी लावते. पहिलं व्हॅल प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराने काढलेलं दिल्ली दरबाराचं. चित्र प्रचंड मोठं आहे, झेंडे, तंबू, जरीचे अंगरखे घातलेले संस्थानिक. दुसरं मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाचं, विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने काढलेलं. प्रश्न एवढाच विचारते : दोन्हीत मिळून नावं कोणाकोणाची कळतात?

दरबारातल्या चित्रात नावं सांगता येतात. व्हाइसरॉय लिटन, अमुक महाराजा, तमुक नवाब. हूपरच्या फोटोत एकाही माणसाचं नाव नाही. मुलांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात पहिल्यांदा शांतता झाली. मागच्या वर्षीसारखं कोणी हसलं नाही.

मग हूपरबद्दल सांगितलं. भुकेने मरायला टेकलेल्या माणसांना त्याने कॅमेऱ्यासमोर गट करून बसवलं, म्हणून त्याच्यावर त्या काळातच टीका झाली. तो जुन्या कॅमेऱ्याचा काळ, फोटोला वेळ लागायचा, हलून चालत नसे. 'नाटक करलालेत का' या प्रश्नाचं उत्तर वर्षभराने असं मिळालं. पुढे १८८६ मध्ये हाच अधिकारी ब्रह्मदेशात मंडालेला होता. तिथे कैद्यांना गोळ्या घालताना त्याने फोटो काढले, त्यावरून इंग्लंडमध्ये पार्लमेंटपर्यंत बोंब झाली आणि चौकशी बसली. हे फोटो मी दाखवत नाही, दाखवूही नयेत. सांगितलं तरी पुरतं.

एक मात्र मुद्दाम सांगावं. दुष्काळी कामावरच्या मजुरांना सरकारने मजुरी किती दिली? रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला ती कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा अशी ठरवली. मी वर्गात स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून साडेचारशे ग्रॅम ज्वारी मोजून ठेवली. खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसभराला एवढं. मुलांनी ओंजळीत घेऊन पाहिली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या दरावर काम सोडून निषेध केला होता आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारकडे अर्ज-विनंत्या करत होती. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्याच दिल्ली दरबारात हाताने विणलेल्या खादीच्या कपड्यांत हजर राहिले होते. जरीच्या अंगरख्यांच्या गर्दीत एक जाडेभरडे कपडे घातलेला माणूस. मुलांना मी सांगितलं, आता प्रिन्सेपच्या चित्रात तुमच्या मनाने त्यांना काढा. एकाने त्यांना व्हाइसरॉयच्या बरोबर समोर उभं केलं आणि हातात ज्वारीचं कणीस दिलं. इतिहासात तसं नव्हतं, पण मी खोडलं नाही.

माझी चूक

तिसऱ्या दिवशी मी 'द पीपल ऑफ इंडिया' या पुस्तकाकडे वळले. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने काढलेले आठ खंड, त्यात साडेचारशेहून अधिक फोटो. हिंदुस्थानातल्या जाती-जमातींचे 'नमुने' म्हणून माणसांचे फोटो आणि प्रत्येकाखाली मजकूर : ही जमात कष्टाळू, ही लबाड, ही विश्वास ठेवण्यासारखी नाही, अशा धर्तीचा. हूपरचेही फोटो त्यात आहेत. मजकूर लिहिण्यात फिलिप मेडोज टेलर यांचा मोठा हात होता. हे टेलर आपल्याला अगदीच परके नाहीत. १८५३ पासून काही वर्षं ते नळदुर्गला अधिकारी होते. आपण सहलीला जाऊन नर-मादी धबधब्यापुढे सेल्फी काढतो, त्याच नळदुर्गला. ठगांवरची त्यांची कादंबरी त्याआधीच विलायतेत गाजली होती.

इथून पुढचा दुवा सरळ होता. माणसाच्या फोटोखाली 'ही जमात अशी' असं लिहायची सवय लागली की तसा कायदा करणं सोपं जातं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यात नोंदवलेल्या जमातीतलं मूल जन्मतःच संशयित. बोटांचे ठसे, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायची बंदी. सोलापूरला इलाख्यातली एक मोठी सेटलमेंट होती. काटेरी तारेच्या कुंपणात कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबं ठेवली होती. मोठी माणसं गिरणीत कामाला जायची आणि परत येऊन हजेरी द्यायची. स्वातंत्र्य मिळाल्यावरही लगेच सुटका झाली नाही. देशभरातून हा कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. सेटलमेंट हे नाव आपल्या शहरात आजही वस्तीचं नाव म्हणून राहिलं आहे, रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो.

मी हे सगळं सांगत असताना तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून म्हणाला, "मॅडम, आमच्या आजीचे वडील तारेच्या आत होते. आजी सांगती." मला आनंद झाला. जिवंत साधन मिळालं, मौखिक साधन! मी त्याला उभं केलं, आणखी विचारलं, त्याने उत्साहाने सांगितलं. तास छान झाला असं समजून मी स्टाफरूममध्ये चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकाची पेन्सिलपेटी हरवली. दोन मुलांनी सरळ त्या मुलाचं दप्तर उघडलं. "तुमच्यात असतंय की" असं काहीतरी म्हणाले. पेटी नंतर बाकाखालीच सापडली, पण तो मुलगा पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही.

यात त्या दोन मुलांना दोष देऊन मला सुटता येणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी फोटोखाली लिहिलेली ओळ मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत दाखवली, ती खोटी का आहे हे दोन वाक्यांत उरकलं, आणि एका पोराला तिच्या शेजारी उभं केलं. हूपरने माणसं ओळीत बसवली, मी एकाला उभं केलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आजी होत्या, आई होती. मी माफी मागितली. आई काही बोलल्या नाहीत. आजी म्हणाल्या, "शिकवा की बाई, पण आधी आमच्याकडं यायचं. पोराला मधी उभा करायचं न्हाई." इतक्या वर्षांत प्रशिक्षणांना बसले, मूल्यशिक्षणाची पुस्तकं वाचली, इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी चहा केला आणि तासभर बोलल्या. त्यांच्या वडिलांनी गिरणीत सूतखात्यात काम केलं होतं. पाळी सुटल्यावर घरी यायला उशीर झाला की हजेरी चुकेल म्हणून ते पळत यायचे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यांच्या परवानगीने, आणि त्या मुलाला विचारूनच, मी तो पाठ पुन्हा घेतला. या वेळी उलट क्रमाने. आधी वर्गातल्या प्रत्येकाने स्वतःच्या शेजाऱ्याचं चित्र काढलं आणि खाली एक ओळ लिहिली. मग त्या ओळी मी मोठ्याने वाचल्या. 'हा सारखा खातो.' 'ही रडकी आहे.' वाचल्यावर ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने ती खोडून स्वतःची ओळ लिहायची. 'हा सारखा खातो' च्या जागी आलं, 'मी पहाटे पेपर टाकायला जातो म्हणून मला भूक लागते.' एवढं झाल्यावर मग 'पीपल ऑफ इंडिया' मधला एक फोटो दाखवला, मजकूर झाकून. मुलांनी विचारलेले प्रश्न : याचं नाव काय होतं? फोटो काढू दे का असं विचारलं होतं का? फोटोची प्रत त्याला मिळाली का? मजकूर मी त्या दिवशी उघडलाच नाही. गरजच पडली नाही.

पेन्सिलपेटीच्या दोन मुलांशी मी वेगळी बोलले, त्यांच्या पालकांशीही. तो भाग इथे लिहीत नाही.

बाहेरच्या जगातली चित्रं

इथपर्यंत आल्यावर परदेशातली चित्रं मुलांना फारशी समजावून सांगावी लागत नाहीत. दोन-तीन पुरतात, वीस नकोत.

एक आहे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्य कचेरीतलं छताचं चित्र. स्पिरिडिओन रोमा याने १७७८ मध्ये काढलेलं. ब्रिटानिया देवी उंच खडकावर बसली आहे. खाली सावळ्या रंगाची हिंदुस्थान वाकून तिला मोतीजवाहीर देते आहे, चीन चिनी मातीची भांडी आणि चहा घेऊन उभा. चित्राच्या नावातच पूर्वेने आपली संपत्ती 'अर्पण' केली असं आहे. हे चित्र काढलं त्याच्या आठच वर्षं आधी, १७७० मध्ये, कंपनीच्या ताब्यातल्या बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. मी मुलांना फक्त क्रियापद बदलायला सांगते. देते आहे, द्यावं लागतं आहे, घेतलं जातं आहे, काढून घेतलं. एका चित्राला चार क्रियापदं लावून बघा. भाषेच्या तासालाही चालतं, प्रयोग शिकवायला तर फारच उत्तम.

दुसरं १८९२ चं 'पंच' या इंग्रजी साप्ताहिकातलं व्यंगचित्र. लिन्ली सॅम्बोर्नने काढलेलं. सेसिल ऱ्होड्स हा दक्षिण आफ्रिकेतला हिऱ्यांच्या खाणींचा मालक आणि राजकारणी अख्ख्या आफ्रिका खंडावर पाय फाकून उभा आहे. एक पाय कैरोवर, एक केपवर, हातात तारायंत्राची तार. सगळ्यात चांगला प्रश्न एका मुलीने विचारला : "याच्या पायाखाली माणसं का नाहीत?" खरंच, चित्रात आफ्रिकेत एकही आफ्रिकी माणूस काढलेला नाही. जमीन रिकामी आहे असं दाखवलं की ती घ्यायला हरकत राहत नाही.

पण कॅमेरा नेहमी साहेबाच्याच बाजूने असतो असं मुलांच्या मनात पक्कं होऊ देऊ नका. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने काँगो हा प्रदेश स्वतःची खाजगी मालमत्ता म्हणून ठेवला होता आणि रबरासाठी तिथल्या लोकांवर अनन्वित जुलूम चालवला होता. ॲलिस सीली हॅरिस नावाची मिशनरी बाई तिथे होती. १९०४ मध्ये तिने न्साला नावाच्या बापाचा फोटो काढला. त्याच्या लहान मुलीला ठार मारलं होतं आणि तिचं जे काही उरलं ते समोर ठेवून तो बसला आहे. तिचे फोटो इंग्लंडभर सभांमधून पडद्यावर दाखवले गेले, लोक खवळले, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. तो बेल्जियमच्या सरकारकडे गेला, म्हणजे काँगो स्वतंत्र झाला असं नाही, हे सांगायला विसरू नये. हा फोटो आठवीला दाखवायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. काही शिक्षक म्हणतील की मुलं मोबाईलवर यापेक्षा भयंकर बघतात. बघत असतील, पण तिथे त्यांची शिक्षिका समोर नसते. मी फक्त गोष्ट सांगते, आणि न्सालाचं नाव फळ्यावर लिहिते. हूपरच्या माणसांना नाव नव्हतं, याला आहे, हे मुलं लगेच पकडतात.

चार पुतळे

शेवटचा तास वर्गाबाहेर. आपल्या मुलांना 'चार पुतळा' हा बसस्टॉप म्हणून माहीत असतो. गड्ड्याच्या यात्रेची गडबड सुरू झाली की १२ जानेवारीला तिथे हार घातलेले दिसतात, पण ते कशाचे हे विचारलं तर आठवीतही निम्मी मुलं गप्प असतात.

गोष्ट थोडक्यात. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकावला गेला. (आजच्या इंद्रभुवनवर नव्हे. ती इमारत तेव्हा वारदांची होती, पालिका तिथे नंतर आली. मुलं हमखास गल्लत करतात, मोठेही करतात.) मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. जमाव मंगळवार पेठ पोलीस चौकीवर गेला, पोलीस मारले गेले, कोर्ट जळालं. गोरे अधिकारी शहर सोडून गेले आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस शहराचा कारभार लोकांनी पाहिला. मग लष्कर आलं आणि जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ. पालिकेवरचा झेंडा उतरवायला नकार दिला म्हणून नगराध्यक्ष माणिकचंद शहा तुरुंगात गेले. 'कर्मयोगी' चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली.

मुलांना इथे नाण्याची आठवण करून दिली. रुपयावर राणीचा चेहरा, चालतो. पालिकेवर तीन रंगांचं कापड, त्यासाठी फौज. एक चित्र घरोघर पोहोचवायचं आणि दुसरं एका इमारतीवरसुद्धा राहू द्यायचं नाही. हे मुलांना चटकन कळलं, मला वाटलं होतं अवघड जाईल.

पुतळ्यांसमोर वह्या काढून नेहमीचे प्रश्न लिहिले : कोणी बसवले, कोणासाठी, नावं आहेत का. नावं आहेत. चार नावांत लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी अशी सोलापूरची निम्मी पेठ आली, हे मुलांनीच मोजलं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, वय जेमतेम वीस, हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "माझ्या दादाएवढे."

मग ज्या मुलाचे वडील पोलिसात आहेत त्याने विचारलं, "चौकीत जे पोलीस मेले त्यांचा पुतळा कुठंय?"

दोन सहकारी शिक्षक माझ्याकडे बघायला लागले. 'ते इंग्रजांचे नोकर होते' म्हणून विषय मिटवता आला असता. मी म्हटलं, त्यांचा पुतळा नाही. ते आपलेच लोक होते, पगारासाठी नोकरी करत होते. राज्य साहेबाचं होतं आणि चौकीच्या दारात उभा होता आपलाच माणूस, साम्राज्य असंच चालतं. पुतळा हेसुद्धा कोणीतरी निवडलेलं चित्र असतं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मला धाकधूक होती. त्यांना फक्त चौकी नेमकी कुठे होती ते विचारायचं होतं.

परत येताना सेटलमेंटच्या आजींचा नातू माझ्या शेजारी चालत होता. आजींचा एकुलता एक जुना फोटो आहे, लग्नातला, तो शाळेत आणू का असं त्याने विचारलं. आजींना विचार म्हटलं. दोन दिवसांनी फोटो आला. कडा मुडपलेल्या, मागे पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर त्याच्या अक्षरात आजींचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव, गिरणीचं खातं, आणि खाली 'विचारून आणला आहे'.

ज्यांना हा पाठ घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. पाच तास लागतात, तीनमध्ये बसवू नका. ज्वारी मोजायचा तास मधल्या सुट्टीआधी घ्या. ठसे, जमाती, सेटलमेंट हा भाग घेण्याआधी वर्गात कोण आहे ते शांतपणे पाहून ठेवा आणि आधी त्यांच्या घरी जाऊन या. आणि राणीछाप रुपये सकाळी मोजून, सही घेऊन ताब्यात घ्या, संध्याकाळी पालकांच्याच हातात परत द्या. आमच्याकडचं एक नाणं दोन दिवस सापडत नव्हतं, आजोबा रोज फाटकाशी येऊन उभे राहायचे. शेवटी ते माझ्याच टेबलाच्या खणात, भिंगाच्या डबीत निघालं.